ग्रंथालयीन अंकीय संग्रहाचे संघटन

ग्रंथालयीन अंकीय संग्रह म्हणजे ग्रंथालयातील छापील ग्रंथ, हस्तलिखिते, नियतकालिके, नकाशे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादी साहित्याच्या संगणकीय प्रतींचा, तसेच मुळातच संगणकावर निर्माण झालेल्या साहित्याचा, सुसूत्रपणे मांडलेला व दीर्घकाळ जतन करण्याच्या हेतूने सांभाळलेला साठा होय. असा संग्रह केवळ स्कॅनर विकत घेऊन उभा राहत नाही. त्यासाठी दोन गोष्टींची पायाभूत आवश्यकता असते. पहिली म्हणजे कामाची व निर्णयांची स्पष्ट वाटणी असलेले कर्मचाऱ्यांचे कार्यगट, आणि दुसरी म्हणजे संचिका (फाइल) कोणत्या स्वरूपात, किती गुणवत्तेची, कोणत्या नावाने व कोणत्या माहितीसह ठेवावी हे ठरवणारी मानके. या दोहोंपैकी एकाचाही अभाव असल्यास हजारो पाने स्कॅन होऊनही ती काही वर्षांत सापडेनाशी, उघडेनाशी किंवा ओळखू न येणारी होतात.

पार्श्वभूमी

ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचा पहिला टप्पा तालिकेचा, म्हणजे ग्रंथसूचीचा होता. प्रत्यक्ष ग्रंथातील पाने संगणकावर आणण्याचे मोठे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९० ते १९९४ या काळात ‘अमेरिकन मेमरी’ हा प्रायोगिक प्रकल्प राबवला. त्यात निवडक ऐतिहासिक साहित्य चकत्यांवर उतरवून ४४ शाळा व ग्रंथालयांना देण्यात आले. ऑक्टोबर १९९४ मध्ये याच प्रयोगातून ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ कार्यक्रम जन्माला आला आणि साहित्याचे वितरण चकत्यांऐवजी महाजालावरून होऊ लागले.

अंकीय प्रतीचे आयुष्य मूळ कागदापेक्षा कमी ठरू शकते, याची जाणीव करून देणारे उदाहरण ब्रिटनमधील आहे. १०८६ सालच्या ‘डोम्सडे बुक’ या भूमापन-नोंदीला ९०० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये तत्कालीन ब्रिटनचे चित्र टिपणारा प्रकल्प पूर्ण केला. त्यात दहा लाखांहून अधिक लोकांचा सहभाग होता. ही माहिती विशिष्ट प्रकारच्या लेसर-चकत्यांवर साठवलेली होती व ती वाचण्यासाठी खास यंत्र लागत असे. अवघ्या पंधरा वर्षांत अशी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचता येण्यासाठी २००२ च्या सुमारास संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्रावरील मूळ पुस्तक मात्र तेव्हाही वाचता येत होते. या अनुभवानंतर ‘अंकीकरण’ आणि ‘अंकीय जतन’ या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हा विचार ग्रंथालयक्षेत्रात रुजला.

कार्यगटांची रचना

अंकीय संग्रहाचे काम अनेक कौशल्यांवर अवलंबून असते. ग्रंथाचे मोल जाणणारा, कागदाची नाजूकता ओळखणारा, प्रतिमा घेणारा, वर्णनात्मक नोंद करणारा आणि संगणक-साठवण सांभाळणारा ही सहसा वेगवेगळी माणसे असतात. म्हणून काम पुढील गटांत विभागले जाते.

निवड गट : कोणते साहित्य आधी घ्यायचे हे ठरवतो. दुर्मीळता, वाचकांची मागणी, कागदाची स्थिती आणि हक्कांची स्थिती हे चार निकष प्रामुख्याने पाहिले जातात. तेच पुस्तक अन्यत्र चांगल्या गुणवत्तेत उपलब्ध आहे काय, याची खातरजमाही याच टप्प्यावर होते.

पूर्वतयारी व संवर्धन गट : पाने मोजणे, गहाळ वा फाटलेली पाने नोंदवणे, धूळ काढणे, बांधणी कितपत उघडते हे पाहणे ही कामे करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्वत्र वापरात आला. असा कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो आणि पान उलटताच तुटू शकतो. त्यामुळे अनेक पुस्तकांच्या बाबतीत दुसऱ्यांदा स्कॅन करण्याची संधी मिळत नाही.

प्रतिमांकन गट : स्कॅनर किंवा कॅमेऱ्याने पाने टिपतो.

वर्णन गट : तालिकाकार व विषयतज्ज्ञ यांचा हा गट प्रत्येक वस्तूची मेटाडेटा-नोंद, म्हणजे त्या साहित्याविषयीची माहिती, तयार करतो.

गुणवत्ता-तपासणी गट : पाने सुटली आहेत काय, उलटसुलट लागली आहेत काय, अक्षरे कापली गेली आहेत काय हे पाहतो.

जतन व तंत्र गट : साठवण, प्रती, नियतकालिक पडताळणी व स्वरूपांतर यांची जबाबदारी घेतो.

हक्क व प्रसारण गट : स्वामित्वहक्क तपासतो आणि वाचकांसाठी खुल्या होणाऱ्या प्रतींचा निर्णय घेतो.

लहान ग्रंथालयात दोन-तीन कर्मचाऱ्यांनाच या सर्व भूमिका पार पाडाव्या लागतात. तरीही एक पथ्य सांभाळणे आवश्यक मानले जाते : ज्याने पाने स्कॅन केली, त्यानेच ती तपासून मान्य करू नयेत. स्वतःच्या कामातील सुटलेले पान स्वतःच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

सर्व गटांवर समन्वय समिती असते. ती मानके ठरवते, त्यांत बदल झाल्यास तो तारखेसह लिहून ठेवते आणि मूळ संचिकेत फेरफार करण्याचा अधिकार कोणाला आहे हे निश्चित करते. निर्णयांची लेखी नोंद ही संघटनेतील सर्वांत दुर्लक्षित परंतु अत्यंत महत्त्वाची बाब आहे. कर्मचारी निवृत्त होतात, कंत्राटे संपतात, अनुदाने बंद होतात. नोंद नसेल तर ‘ही संचिका अशी का आहे’ या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी उरत नाही.

संचिकांचे स्तर व स्वरूपे

प्रत्येक पानाच्या साधारणतः दोन प्रकारच्या संचिका ठेवल्या जातात.

मूळ किंवा संग्राह्य संचिका ही दीर्घकाळ जतनासाठी असते. तिच्यात माहितीची काटछाट केलेली नसते. यासाठी टिफ हे स्वरूप सर्वाधिक रूढ आहे. आल्डस या कंपनीने ते १९८६ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याची सहावी आवृत्ती १९९२ मध्ये आली. ही आवृत्ती इतकी वर्षे टिकून राहिल्यामुळे व तिचे तपशील सर्वांना उपलब्ध असल्यामुळे ग्रंथालयांनी तिच्यावर विश्वास टाकला. जागेची बचत हवी असल्यास जेपीईजी २००० या स्वरूपाचा हानिरहित प्रकार वापरला जातो.

वापर संचिका ही वाचकांसाठी असते. ती मूळ संचिकेवरून तयार होते आणि आकाराने लहान असते. जेपीईजी किंवा पीडीएफ ही तिची नेहमीची स्वरूपे होत. जेपीईजीमध्ये संक्षेप करताना काही माहिती कायमची गळते. एकदा गळलेली माहिती परत मिळत नाही, म्हणून केवळ जेपीईजी ठेवून मूळ टिफ पुसून टाकणे धोक्याचे असते. दस्तऐवजांच्या जतनासाठी पीडीएफचा पीडीएफ/ए हा मर्यादित प्रकार आयएसओ १९००५ या मानकान्वये २००५ पासून प्रचलित आहे. त्यात आवश्यक टंक (फाँट) संचिकेतच अंतर्भूत असावे लागतात, त्यामुळे तो बाहेरील साधनांवर अवलंबून राहत नाही.

ध्वनिमुद्रणांसाठी वेव्ह स्वरूपाचा ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ हा विस्तार वापरला जातो. ध्वनी-संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ध्वनीच्या जतनासाठी २४ बिट खोली आणि किमान ४८ किलोहर्ट्झ नमुनादर सुचवला आहे. प्रत्यक्षात ९६ किलोहर्ट्झ हा दर अनेक संस्था पाळतात.

स्वरूप निवडताना सर्वसाधारणपणे पुढील कसोट्या लावल्या जातात : त्याचे तपशील खुले आहेत काय, अनेक कंपन्यांची साधने ते उघडतात काय, ते एखाद्या पेटंटने वा संकेतशब्दाने जखडलेले आहे काय, आणि वर्णनाची माहिती संचिकेतच ठेवण्याची सोय आहे काय.

साठवणीचा हिशेब

मानक ठरवताना जागेचा हिशेब आधी करावा लागतो. १४ सेंटिमीटर रुंद व २१ सेंटिमीटर उंच असे पान इंचाला ४०० पिक्सेल या घनतेने व २४ बिट रंगात टिपल्यास सुमारे २,२०५ गुणिले ३,३०७ पिक्सेलांची प्रतिमा तयार होते. संक्षेप न केलेली अशी टिफ संचिका सुमारे २२ मेगाबाइटची असते. ३०० पानांच्या पुस्तकाला त्यामुळे साधारण ६.६ गिगाबाइट जागा लागते आणि तीन प्रती ठेवल्यास सुमारे २० गिगाबाइट. अशा एक हजार पुस्तकांच्या तीन प्रतींना जवळजवळ २० टेराबाइट लागतात. दोन वाहिन्यांच्या, २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे २ गिगाबाइट जागा लागते. स्कॅनिंगचा खर्च एकदाच होतो, साठवणीचा खर्च मात्र दरवर्षी चालू राहतो. पुष्कळ प्रकल्प या दुसऱ्या खर्चाची तरतूद नसल्यामुळे अडचणीत येतात.

प्रतिमेची गुणवत्ता

इंचाला अमुक पिक्सेल एवढेच सांगणे पुरेसे नसते. भिंग धूसर असेल किंवा प्रकाश असमान असेल तर पिक्सेल कितीही असले तरी अक्षर स्पष्ट येत नाही. यासाठी ज्ञात रंगांचे व रेषांचे नमुने असलेली चाचणी-पट्टी पानाबरोबर किंवा कामाच्या आरंभी टिपली जाते व तिच्यावरून यंत्राची अचूकता मोजली जाते.

या क्षेत्रात अमेरिकेतील संघीय संस्थांच्या ‘फॅडगी’ या उपक्रमाचे काम मार्गदर्शक ठरले आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात लायब्ररी ऑफ काँग्रेस, राष्ट्रीय अभिलेखागार आदी संस्थांतील कर्मचारी दोन कार्यगटांत एकत्र आले : एक स्थिर प्रतिमांसाठी व दुसरा ध्वनी-चलचित्रांसाठी. स्थिर प्रतिमा गटाने आधीच्या, २००४ सालच्या अभिलेखागाराच्या नियमावलीचा आधार घेऊन २०१० मध्ये तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे २०१६ व २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या मार्गदर्शिकेत गुणवत्तेच्या एक ते चार ताऱ्यांच्या श्रेणी आहेत. एक तारा म्हणजे केवळ संदर्भापुरती उपयुक्त प्रतिमा, तर चार तारे म्हणजे सर्वोच्च दर्जा. सर्वसामान्य छापील ग्रंथांसाठी तीन ताऱ्यांना इंचाला ३०० आणि चार ताऱ्यांना ४०० पिक्सेलांची अपेक्षा ठेवली जाते. त्याखेरीज रंगाची अचूकता, स्पष्टता, प्रकाशाची समानता यांच्याही मर्यादा दिलेल्या आहेत. वेगवेगळ्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून एकच मोजपट्टी ठरवणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.

संचिकांचे नामकरण

संचिकेचे नाव हा तिचा पत्ता असतो. त्यासंबंधी पुढील नियम बहुतेक ग्रंथालये पाळतात :

• नाव एकमेव असावे व पुढे कधीही बदलू नये.
• नावात फक्त रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक, जोडरेघ किंवा अधोरेघ असावी. मोकळी जागा व विशेष चिन्हे टाळावीत, कारण काही संगणक-प्रणालींत ती अडथळा ठरतात.
• क्रमांकांत आरंभी शून्ये भरून सर्व क्रमांक समान लांबीचे करावेत. तसे न केल्यास संगणक अकारविल्हे लावताना दहावे पान दुसऱ्या पानाच्या आधी येते.
• तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रम हाच आहे.
• पुस्तकाचे शीर्षक किंवा लेखकाचे नाव संचिकेच्या नावात कोंबू नये. त्याची जागा मेटाडेटात असते.

पोथ्यांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. सुट्या पत्रांच्या पोथीत पृष्ठांक नसून पत्रांक असतो, म्हणजे पत्राच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच अंक असतो. त्यामुळे प्रतिमेचा क्रमांक आणि पत्राचा क्रमांक जुळत नाही. अशा वेळी प्रतिमांना सलग क्रमांक देऊन पत्रांक व बाजू यांची नोंद स्वतंत्रपणे केली जाते.

मेटाडेटा

मेटाडेटाचे चार प्रकार मानले जातात. वर्णनात्मक मेटाडेटा शीर्षक, कर्ता, प्रकाशक, वर्ष, विषय सांगतो. रचनात्मक मेटाडेटा पानांचा क्रम व प्रकरणांची विभागणी सांगतो. तांत्रिक मेटाडेटा यंत्र, घनता, रंगपद्धती यांची नोंद करतो. प्रशासकीय मेटाडेटात हक्क, मूळ प्रतीचा पत्ता आणि संचिकेवर झालेल्या प्रक्रियांचा इतिहास येतो.

वर्णनासाठी डब्लिन कोअर हा १५ घटकांचा संच जगभर वापरला जातो. त्याचे नाव अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावावरून पडले. १९९५ साली तेथे झालेल्या कार्यशाळेत त्याची आखणी झाली. एका पुस्तकाच्या सर्व संचिका व नोंदी एकत्र बांधण्यासाठी मेट्स, तर जतनविषयक घटनांच्या नोंदीसाठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रेमिस हे मानक वापरात आहे.

मराठी साहित्याच्या नोंदी करताना काही विशेष प्रश्न उद्भवतात. जुन्या ग्रंथांवर बहुधा शके असतात. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो, परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर शके १७९९ ची नोंद इ. स. १८७७–७८ अशी करणे योग्य ठरते. मुळातील शके पुसून केवळ इसवी सन ठेवू नये. लेखकनामांचीही अडचण असते. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, किंवा कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे संगणकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रमाणनामांची सूची ठेवून सर्व रूपे एका नोंदीला जोडावी लागतात. रोमन लिप्यंतर करायचे असल्यास एकच पद्धती ठरवून घ्यावी लागते, अन्यथा एकाच शीर्षकाची चार वर्णलेखने होऊन शोध निष्फळ ठरतो.

नियतकालिकांत वर्ष, अंक, महिना व विशेषांक यांची नोंद लागते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केल्यापासून मराठी नियतकालिकांत नेहमीच्या क्रमाबाहेरील जाड विशेषांक येऊ लागले. दोन महिन्यांचा जोडअंक आहे की मधला अंक गहाळ आहे, हे नोंदीतून स्पष्ट झाले नाही तर वाचक अस्तित्वात नसलेल्या अंकाचा शोध घेत राहतो.

मजकूर-ओळख व देवनागरी

पानाची प्रतिमा म्हणजे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. त्यातील शब्द शोधता यावेत म्हणून अक्षर-ओळख प्रणाली वापरली जाते. शिरोरेषा, जोडाक्षरे आणि वर-खाली लागणाऱ्या मात्रा यांमुळे देवनागरीची ओळख रोमनपेक्षा कठीण असते. शिळाप्रेसवर छापलेल्या ग्रंथांत अक्षरवळण हाताचे असल्याने चुका आणखी वाढतात. म्हणून ओळखलेला मजकूर मानवी तपासणीशिवाय प्रमाण मानला जात नाही. तो प्रतिमेच्या जोडीने, प्रत्येक शब्दाच्या स्थानासह, आल्टो या एक्सएमएल-आधारित स्वरूपात ठेवता येतो.

मजकूर युनिकोडमध्येच असावा, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे स्वतंत्र संकेत असलेले टंक वापरले जात. त्या काळातील संचिका मूळ टंकाशिवाय उघडल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसते. छापील पुस्तक हाती असूनही त्याची संगणकीय प्रत निकामी ठरल्याचा अनुभव त्यामुळे अनेक प्रकाशनांच्या वाट्याला आला. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. त्यामुळे मोडी कागदपत्रांचे मूळ लिपीतील लिप्यंकन साठवण्याची सोय झाली.

जतन व पडताळणी

संचिका साठवली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. चकती नादुरुस्त होते, प्रत करताना बिट बदलतात, चुकीने संचिका पुसल्या जातात. यावरील पहिला उपाय म्हणजे चेकसम. संचिकेतील मजकुरावरून गणिताने काढलेली ही ओळखखूण असते. संचिकेत एक बिट जरी बदलला तरी ही खूण बदलते. स्कॅनिंगनंतर लगेच चेकसम काढून ठेवल्यास आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडून पाहिल्यास बिघाड लक्षात येतो.

दुसरा उपाय म्हणजे अनेक प्रती. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, असा व्यवहारी नियम प्रचलित आहे. पूर, आग किंवा वीजबिघाड एकाच वेळी सर्व प्रती नष्ट करू नये, हा त्यामागील हेतू होय. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी संचिका पाठवताना त्यांची यादी व चेकसम एकत्र बांधण्यासाठी बॅगइट ही पद्धत वापरतात. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या सहकार्यातून ती विकसित झाली.

जतनाच्या संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा आयएसओ १४७२१ या मानकात आहे. अवकाश-संशोधन संस्थांच्या विदेच्या जतनासाठी तो मुळात तयार झाला व २००३ मध्ये आयएसओ मानक झाला. संग्रहात दाखल होणारी, साठवली जाणारी आणि वाचकाला दिली जाणारी अशी संचिका-समूहांची तीन रूपे तो वेगळी करतो.

एक उदाहरण : अमेरिकेचा राष्ट्रीय वृत्तपत्र-अंकीकरण कार्यक्रम

कार्यगट आणि मानके यांचा मेळ कसा घातला जातो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वृत्तपत्र-अंकीकरण कार्यक्रमावरून समजते. नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही अनुदान देणारी संस्था व लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या भागीदारीत तो चालतो. २००५ मध्ये कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, केंटकी, न्यूयॉर्क, यूटा व व्हर्जिनिया या सहा राज्यांतील संस्थांना पहिली अनुदाने मिळाली. ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे त्याचे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले.

प्रत्येक सहभागी संस्था साधारण दोन वर्षांत सुमारे एक लाख पाने देते. कोणती वृत्तपत्रे घ्यावीत हे त्या राज्यातील इतिहासकार, ग्रंथपाल आदींची सल्लागार समिती ठरवते. स्कॅनिंग बहुधा सूक्ष्मपटांवरून (मायक्रोफिल्म) होते. प्रत्येक पानासाठी टिफ, जेपीईजी २०००, पीडीएफ आणि आल्टो अशा चार संचिका द्याव्या लागतात, तर अंकाची रचना मेट्समध्ये नोंदवली जाते. अंकाच्या फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस आणि आवृत्तीक्रमांक यांनी बनते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुरवलेल्या पडताळणी-प्रणालीतून संचिका तपासून गेल्याशिवाय त्यांचा गठ्ठा स्वीकारला जात नाही. आरंभी हा कार्यक्रम १९०० ते १९१० या दशकापुरता होता. मानके एकसारखी राहिल्याने त्याची व्याप्ती पुढे वाढवता आली आणि निरनिराळ्या राज्यांतील पाने एकाच शोधखिडकीतून वाचकांना मिळू लागली.

भारत, महाराष्ट्र व गोवा

भारतात एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा मोठा प्रकल्प सुरू झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांच्या दहा लाख ग्रंथांच्या जागतिक कल्पनेशी तो निगडित होता व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा त्यात प्रमुख सहभाग होता. अनेक जुनी मराठी पुस्तके या प्रकल्पामुळे प्रथमच सर्वांना घरबसल्या पाहता आली. मात्र शीर्षके रोमन लिपीत व एकसारखे वर्णलेखन न पाळता नोंदवली गेल्याने नेमके पुस्तक शोधणे वाचकांना कठीण जाई. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडले, तरी त्यातील पुस्तकांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवलेल्या असल्याने त्या वाचकांना उपलब्ध राहिल्या. एकाहून अधिक ठिकाणी प्रत ठेवण्याचे महत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे विविध संस्थांतील साहित्याचा मेटाडेटा एकत्र आणून एकच शोधव्यवस्था पुरवते. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकीय रूपात उपलब्ध करून दिले आहेत, तर १८०४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा अंकीय संग्रह आहे. गोव्यात १८३२ पासूनची परंपरा असलेल्या पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडेही जुन्या ग्रंथांचा व वृत्तपत्रांचा मोठा ठेवा आहे.

स्वामित्वहक्क

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाची अशी पुस्तके १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना मुक्त झाली. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःजवळ छापील प्रत असल्यास, जतनासाठी तिची संगणकीय प्रत साठवण्याची मुभा दिली आहे. जतन करणे आणि सर्वांसाठी खुले करणे या दोन बाबी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. त्यामुळे प्रत्येक नोंदीत हक्कांची स्थिती स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक ठरते. भाषांतर, प्रस्तावना व चित्रे यांचे हक्क मूळ लेखनाहून वेगळे असू शकतात.

मर्यादा व मतभेद

अंकीकरण झाल्यावर मूळ प्रत ठेवावी काय, हा वादाचा विषय राहिला आहे. अमेरिकन लेखक निकोल्सन बेकर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात, सूक्ष्मपट तयार झाल्यावर मूळ वृत्तपत्रे टाकून देणाऱ्या ग्रंथालयांवर कठोर टीका केली. कित्येक सूक्ष्मपट अस्पष्ट व अपूर्ण निघाले आणि तोपर्यंत मूळ कागद हातचा गेला होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रंथपालांनी या टीकेला, जागा व निधी मर्यादित असताना प्रत्येक प्रत ठेवणे शक्य नसते, असे उत्तर दिले. तरी दुर्मीळ मूळ प्रत अंकीकरणाच्या कारणावरून नष्ट करू नये, याबाबत आज व्यापक एकमत आहे.

दुसरा मतभेद वेग व गुणवत्ता यांविषयी आहे. थोडी पुस्तके उत्तम दर्जाने घ्यावीत की पुष्कळ पुस्तके कामचलाऊ दर्जाने घ्यावीत, याला सर्वत्र लागू होईल असे एकच उत्तर नाही. कागद टिकाऊ असेल व प्रती अनेक ग्रंथालयांत असतील तर मध्यम दर्जा चालू शकतो. एकमेव व ठिसूळ प्रतीसाठी मात्र पहिलेच स्कॅनिंग अखेरचे ठरू शकते, हे गृहीत धरून मानक ठरवावे लागते.

लहान ग्रंथालयांना सर्व मानके एकदम पाळणे शक्य नसते. अशा ठिकाणी निश्चित नामकरण, प्रत्येक संचिकेचा चेकसम, दूरच्या ठिकाणी एक प्रत आणि निर्णयांची लेखी वही या चार गोष्टींपासून आरंभ करता येतो. त्यांना मोठा खर्च येत नाही, परंतु त्यांच्याअभावी झालेले नुकसान नंतर पैसा खर्चूनही बहुधा भरून काढता येत नाही.